पोळी, भात, पोहे: इंदूरच्या मराठी घरासाठी कर्बोदकांचा हिशेब

साध्या दुपारच्या जेवणापासून सुरुवात करू. तीन पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर वरण आणि बटाट्याची भाजी. रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात हे ताट परकं नाही. आता बेरीज करू. तीन पोळ्यांतून साठएक ग्रॅम कर्बोदकं, भातातून चाळीस, बटाट्यातून पंधरा आणि वरणातून पंधरा. झाली १३०. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ माणसाला दिवसभरात लागणारी कर्बोदकांची गरज १३० ग्रॅमच धरली आहे, आणि तीही मुख्यतः मेंदूला लागणाऱ्या ग्लुकोजच्या हिशेबाने. म्हणजे दिवसाची मूळ गरज एका बैठकीत भागली. सकाळचे पोहे, चार वेळचा चहा, संध्याकाळचं शेव-परमल (शेव-मुरमुरे) आणि रात्रीचं जेवण अजून मोजलेलंच नाही.

याचा अर्थ १३० च्या वर गेलं की बिघडलं असा नाही. तो तळ आहे, छत नव्हे. पण आपल्याकडची गडबड कुठे आहे ते या बेरजेत दिसतं. पोळी वाईट नाही आणि भातही वाईट नाही. एकाच ताटात पोळी, भात, बटाटा असे तीन-तीन पिष्टमय पदार्थ एकमेकांना खेटून बसतात आणि डाळ, भाजी, दही कडेला चमचाभर उरतात, ही खरी अडचण.

म्हणून "मी भात सोडला" हे ऐकलं की मी आधी पोळ्यांची चौकशी करते. शेजारच्या काकू परवा मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "मी भात पूर्ण बंद केला गं." मी विचारलं, "आणि पोळ्या?" त्या म्हणाल्या, "दोनच्या चार झाल्या. पोट भरायला काही तरी हवंच ना!" एक वाटी भात गेला आणि दोन पोळ्या आल्या. हिशेब जागच्या जागी.

या लेखात काहीही सोडायला सांगितलेलं नाही. घरातलंच अन्न कसं मोजायचं आणि ताट कसं फिरवायचं तेवढं पायरीपायरीने दिलं आहे.

आधी थोडं शास्त्र

कर्बोदकांचे आपल्या कामाचे तीन प्रकार आहेत: साखर, पिष्ट म्हणजे स्टार्च, आणि तंतू म्हणजे फायबर. साखर आणि पिष्ट यांच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात. प्रथिनांतूनही चारच आणि स्निग्धांतून नऊ. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या कामी येतात, पोट साफ ठेवतात आणि बाकीच्या साखरेला रक्तात उतरायला उशीर लावतात.

पिष्टाचं शेवटी ग्लुकोजच होतं. लगेच लागेल तेवढं वापरलं जातं. काही यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास. ही कोठारं भरली की उरलेल्याची चरबी होते. कोठार रिकामं करायचा रस्ता हालचालीतून जातो. पूर्वीच्या माळव्यात शेतावर राबणारा माणूस सहा भाकऱ्या पचवायचा तो याच जोरावर. त्याचा आहार आपण चालू ठेवला आणि काम सोडलं. "डग-डग रोटी, पग-पग नीर" या म्हणीतली रोटी अजून आहे, डग तेवढे राहिले नाहीत.

ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पोळी-भात एकदम बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो, तो बराचसा हे पाणी गेल्यामुळे. पुन्हा जेवायला लागलं की पाणी परत येतं आणि माणूस निराश होतो.

भारतीयांच्या आहारात एकूण ऊर्जेपैकी जवळपास ६२ टक्के कर्बोदकांतून येते, असं आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आलं. याच पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा अंदाज होता. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती २०२५ च्या निष्कर्षांतली वेगळीच गोष्ट. पांढरा तांदूळ काढून त्या जागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ तेवढंच खाल्लं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कर्बोदकं थोडी कमी करून ती जागा डाळी-कडधान्यांच्या किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांनी भरली, तेव्हा कमी झालेला दिसला. "आम्ही आता मिलेट्सवर आलो" एवढ्याने काम होत नाही ते यामुळे.

पायरी १: स्वतःची वाटी तोला

स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा असू द्या. तो कायम लागत नाही, आठवडाभर पुरे. एकदा नजर बसली की मोजायची गरज पडत नाही.

पहिल्यांदा पोळीची लाटी तोला. तीस ग्रॅम पिठाची लाटी पाण्यासकट ४५ ते ५० ग्रॅम भरते. तुमची ७० भरली, तर तुमच्या दोन पोळ्या म्हणजे खरं तर तीन आहेत. मग तुमची वरणाची वाटी घ्या, तिच्यात शिजलेला भात न दाबता भरा आणि तोला. स्टीलच्या वाट्या बाहेरून सारख्या दिसतात, पण कोणतीत १२० ग्रॅम मावतो तर कोणतीत २००. पाहुण्यांसाठी काढलेल्या "मोठ्या" वाट्या रोजच्या वापरात आल्या असतील तर त्या परत वर ठेवा.

नेहमीच्या पदार्थांचे कर्बोदकांचे अंदाजे आकडे असे:

- पोळी, ३० ग्रॅम पिठाची: १९ ते २० ग्रॅम
- ज्वारीची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची: ४० ग्रॅम
- शिजलेला भात, १५० ग्रॅम: ४० ग्रॅम
- पोहे, कोरडे ५० ग्रॅम: ३८ ग्रॅम
- साबुदाणा, कोरडा ५० ग्रॅम: ४३ ग्रॅम
- बटाटा, १०० ग्रॅम: १५ ते १८ ग्रॅम
- वरण, मध्यम वाटी: १५ ग्रॅम
- केळं, मध्यम: २० ते २५ ग्रॅम
- दूध, २०० मिली: १० ग्रॅम
- साखर, चहाचा एक चमचा: ५ ग्रॅम

भाकरीकडे नीट बघा. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. तिच्यात तंतू चांगले आहेत, ती पोटात जास्त वेळ राहते, सगळं खरं. पण "दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या खाते" म्हणणारी व्यक्ती कर्बोदकं दुप्पट करून बसलेली असते.

पायरी २: तीन दिवस जे तोंडात जाईल ते लिहा

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. वहीत लिहा नाही तर फोनवर, पण खाल्ल्याबरोबर लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या यादीत नेमकी शेव गळते. चहासोबतची बिस्किटं, पोरांच्या डब्यातला उरलेला पराठा, देवळातला प्रसाद, पोळ्या लाटता लाटता तोंडात टाकलेला गूळ, सगळं धरा. या तीन दिवसांत मुद्दाम शहाण्यासारखं वागू नका. नेहमीसारखं खा.

पायरी ३: तुमचा आकडा ठरवा

बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी आणि पुरुषाला २११० कॅलरी लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं गणित आहे. ते ५५ किलोची स्त्री आणि ६५ किलोचा पुरुष धरून केलेलं आहे. यातली अर्धी ऊर्जा कर्बोदकांतून घ्यायची ठरवली, तर स्त्रीसाठी सव्वादोनशेच्या आत, म्हणजे साधारण २०५ ते २१० ग्रॅम येतात आणि पुरुषासाठी २६५ च्या आसपास. उभ्याने काम करणारे, दुकान सांभाळणारे, रोज मैदानावर घाम गाळणारे यांना जास्त चालेल. खेळणाऱ्या मुलांना तर हे गणित लावूच नका.

स्त्रीचा २०५ चा आकडा घेऊन वरच्या ताटाकडे पुन्हा बघा. दुपारीच १३० गेले. उरलेल्या ७५ मध्ये नाश्ता, चहा आणि रात्र बसवायची आहे. म्हणूनच दुपारचं ताट आधी हातात घ्यायचं.

पायरी ४: ताटाची डावी बाजू वाढवा

आपल्या ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भात-पोळी. ही मांडणी पोषणाच्या दृष्टीने अजिबात वाईट नाही. फक्त डावी बाजू शोभेपुरती उरली आहे. पानावर कोशिंबीर चमचाभर वाढायची हा लग्नाच्या पंगतीतला रिवाज. घरी ती वाटीभर हवी.

ती रोज वेगळी असली की कंटाळा येत नाही. काकडीची खमंग, गाजराची मोहरी फेसून, मुळ्याची दही घालून, मोड आलेल्या मुगाची, कोबी-डाळिंबाची. दाण्याचं कूट घातलं की दोन घास जास्त जातात. वाटली डाळ आणि डाळ घातलेली पालेभाजी आठवड्यातून दोनदा तरी व्हावी. डाळ घातलेल्या पालेभाजीत तर भाजी आणि डाळ एकदमच येतात.

ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबिरीने भरा. यात बटाटा, रताळं, अरबी धरू नका, ती पोळीच्या रांगेत बसतात. पाव भाग डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं किंवा मासळी. उरलेला पाव भाग पोळी किंवा भात. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी.

आता भाताचं. आपल्या घरांत भात दोनदा येतो: सुरुवातीचा वरणभात आणि शेवटचा ताकभात. दोन्ही हवेसे वाटतात, पण रोज त्यातला एकच निवडा. मी ताकभात ठेवते आणि वरण वाटीने पिते. पुष्कळांना लिंबू पिळलेल्या वरणभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांनी ताक नुसतं प्यावं.

क्रमही बदलून पाहा. आधी कोशिंबीर आणि भाजीचे चार-सहा घास, मग आमटी किंवा उसळ, त्यानंतर पोळी आणि शेवटी भात. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी उंच जाते, हे चाचण्यांत दिसलं आहे. पैसा लागत नाही, पदार्थ बदलावे लागत नाहीत. सासूबाईंना पहिला घास वरणभाताचाच हवा असेल, तर तो एक घास घेऊ द्या. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

शिळ्या भाताबद्दल नेहमी विचारलं जातं. भात शिजवून गार केला की त्यातलं थोडं पिष्ट न पचणाऱ्या प्रकारात बदलतं आणि पुन्हा गरम केलं तरी काही प्रमाणात तसंच राहतं. परिणाम छोटाच आहे, त्यासाठी मुद्दाम शिळा भात खाऊ नका. रात्रीचा उरलाच तर झाकून लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी कांदा, मटार, दाणे घालून फोडणीचा भात करा. ओट्यावर रात्रभर उघडा राहिलेला भात मात्र नको. मे महिन्यातल्या इंदुरात तर मुळीच नको.

पायरी ५: सकाळचे पोहे

इंदुरात राहून पोह्यांविरुद्ध बोलायची माझी हिंमत नाही, आणि गरजही नाही. इथले दुकानातले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात तेल बेताचं असतं. वर जीरावन मसाला, कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे. इथपर्यंत सगळं ठीक. मग मूठभर शेव पडते आणि शेजारी दोन जिलब्या येतात. पोह्यांचे ३८ ग्रॅम, त्यावर जिलबीचा मैदा आणि पाक. प्रथिनं जवळजवळ नाहीतच. अकरा वाजता पुन्हा भूक लागते ती उगीच नाही.

घरी करताना माणशी कोरडे पोहे ४० ग्रॅमच घ्या आणि उरलेली जागा मटार, दाणे, वाफवलेले मोड आलेले मूग यांनी भरा. मूठभर दाणे फोडणीतच कुरकुरीत तळून घेतले की शेवेची आठवण कमी येते. शेव वरून चिमूटभर, ताटलीभर नव्हे. सोबत एक वाटी दही किंवा ग्लासभर ताक, नाही तर उकडलेलं अंडं. जिलबी रविवारी, आणि तीही पोह्यांबरोबर खाल्लेली बरी. रिकाम्या पोटी चहासोबत नको.

पोह्यांशिवायचे दिवस हवेत. मुगाच्या डाळीचे धिरडे, थालीपीठ (भाजणीत हरभरा आणि उडीद असतात हे तिचं बलस्थान), डाळ-तांदळाची इडली आणि सोबत वाटीभर सांबार. उपमा आणि शिरा एकाच सकाळी करणाऱ्या घरांना मी ओळखते. त्यांना सांगणं एवढंच, की दोन्ही रवाच आहे.

पायरी ६: चक्कीवर जाताना

माळव्याचा गहू चांगला आहे, त्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. फक्त चक्कीवाल्याला "कोंडा काढू नका" म्हणून सांगा आणि घरी आल्यावर पीठ बारीक चाळणीने चाळू नका. गव्हाच्या आख्ख्या पिठात शंभर ग्रॅमला अकराएक ग्रॅम तंतू असतात. मैद्याच्या चाळणीतून गेलं की त्यातले बरेचसे कचऱ्याच्या डब्यात जातात.

सोयाबीन तर आपल्या दाराशी पिकतं. भारतीय कृषी संशोधन परिषदेची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे. एवढं असून आपल्या घरांत सोयाबीन येतं ते तेलाच्या डब्यातून. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून दळलं, तर पिठातली प्रथिनं शंभर ग्रॅमला दहावरून तेराच्या आसपास जातात आणि पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. कच्चं सोयाबीन मात्र मिसळायचं नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. ते घालवायला दाणे उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं शिजवा, पाणी फेकून द्या, उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच दळायला न्या. दाणा दातांखाली कट्कन फुटला पाहिजे, दमट राहिला तर पिठाला वास येतो. हे पीठ पंधरा दिवस पुरेल इतकंच दळा.

सोयाबीनचा पसारा वाढायच्या आधी माळव्यात ज्वारी आणि मका ताटात नेहमीचे होते. आठवड्यातून दोन-तीन रात्री ज्वारीची भाकरी परत आणा. सोबत पिठलं किंवा मेथीची डाळभाजी, आणि भाकरी एकच.

पायरी ७: चहा

दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. झाले चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. दोन हजार कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाच चमचे. चहानेच ती ओलांडली.

दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते. साखरेऐवजी गूळ घातला तर चव बदलते, हिशेब बदलत नाही. मधाचंही तेच. फळाचा रस आणि उसाचा रस ही साखरच आहे, फळ चावून खा. आणि इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. दूध, साखर आणि सुक्यामेव्याचं ते घट्ट प्रकरण आहे, त्याला पेय न म्हणता गोडाचा पदार्थ समजा.

पायरी ८: उपासाचा दिवस

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठीच केली आहे. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेलं जवळजवळ शुद्ध पिष्ट. प्रथिनं नावालाच, तंतूही तसेच. त्यात बटाटा, वर फराळी मिक्श्चर, शेवटी बटाट्याचा शिरा. या दिवशी एरवीपेक्षा जास्त कर्बोदकं जातात आणि दुपारी झोप येते.

उपास मोडायला मी सांगत नाही. खिचडी करायचीच असेल तर साबुदाणा माणशी ४० ग्रॅम, दाण्याचं कूट त्याच्या निम्मं, बटाटा अजिबात नको, त्याऐवजी तुमच्या घरात चालत असेल तर काकडी. सोबत वाटीभर दही. एखाद्या वेळी खिचडीच्या जागी भगर आणि दाण्याची आमटी करा. इंदूरच्या किराण्यात भगर मागितली तर दुकानदार बघत राहतो, मोरधन म्हणा. राजगिऱ्याच्या पिठात प्रथिनं गव्हापेक्षा बरी असतात. त्याचं थालीपीठ काकडी किसून घातल्यावर तव्यावर छान सुटतं, फक्त उलटायची घाई करायची नाही. दोन पदार्थ करा, पाच नको.

पायरी ९: सराफा, छप्पन आणि बाफल्यांची पंगत

पाहुणे आले की त्यांना रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात, नाही तर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत न्यावंच लागतं. घरून जेवून जायचं आणि वर तिथे पुन्हा सगळं खायचं, हे आपण सगळेच करतो. त्या रात्री घरी पोळी-भात करूच नका. एक वाटी वरण, भाजी, कोशिंबीर एवढंच घेऊन निघा. तिथे चौघांत मिळून घ्या. भुट्ट्याचं कीस घेतलंत तर हिवाळ्यातला गराडू सोडा. दोन्ही पिष्टच आहे आणि गराडू तर तळलेला कंद. दहीवडा त्या मानाने चांगली निवड, उडदाची डाळ आणि दही. गोड एकच, तेही वाटून. साबुदाण्याची खिचडी सराफ्यात उपास नसतानाही लोक खातात. खा, पण ती पोळीच्या जागी धरा.

बाफल्यांचं गणित थोडं वेगळं. आमच्या घरी एका बाफल्याला सत्तरएक ग्रॅम जाडसर पीठ लागतं, म्हणजे दोन पोळ्यांपेक्षा जास्त. उकडून, भाजून, तुपात बुडवून तो पानात येतो तेव्हा लहान दिसतो. तीन बाफले म्हणजे सात पोळ्या, वर लाडू आणि वाढणाऱ्याने आग्रहाने घातलेला भात. दीड बाफला कुस्करा, त्यावर डाळ दोन वाट्या ओता, कढी घ्या, भाताला हात आडवा करा. लाडू अर्धा. आग्रह करणारा समोर उभा असेल तर पानातला बाफला संपवायची घाई करू नका. रिकामं पान दिसलं की तो परत येतो.

पायरी १०: चाला, आणि बघा काय बदललं

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, गच्चीवर, कॉलनीच्या बागेत, कुठेही. चालणारे स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. सकाळी तासभर चालणाऱ्यांनाही हे वेगळं लागू आहे.

महिन्याने पोटाचा घेर मोजा. वजनापेक्षा तो बोलका असतो. घरात ग्लुकोमीटर असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघा. मधुमेह नसलेल्या माणसाची तेव्हा साधारण १४० च्या खाली असते. एका दिवशी नेहमीचं ताट, दुसऱ्या दिवशी फिरवलेलं ताट, असं करून पाहिलं की वाद मिटतो. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. ६.५ किंवा वर असेल तर लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

यांनी स्वतःच्या मनाने कर्बोदकं कमी करू नयेत

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ताट बदलण्याआधी डोस बदलायचा का ते डॉक्टरांना विचारावं. जेवण निम्मं आणि गोळी तेवढीच, असं झालं की साखर एकदम खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या चालू असताना पोळी-भात जवळजवळ बंद केला तर रक्तात घातक आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसतही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, वजन आधीच कमी असलेली वृद्ध माणसं यांनीही या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ-सोयाबीन वाढवण्याआधी विचारा.

घरात कोणी औषधावर असेल तर एवढं पाठ करून ठेवा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर परत तेवढंच द्या. अशा वेळी पेढा, जिलबी, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. साखर वर आली की एक पोळी किंवा कपभर दूध द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका आणि १०८ ला फोन लावा.